कंडम करायचीही एक पद्धत असते

लखनौला मानक नगरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत ‘ड्रायव्हर’ या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो इंजिनात बसायचा. त्यामुळे शेजारच्या श्रीवास्तव आंटींनी “बिटिया दिन भर घर में करती क्या है?” असं विचारल्यावर आईने भाबडेपणाने “ड्राइवर ठीक करती है” असं सांगून टाकलं, तेव्हा पुढे काय होणार हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. दोन-चार दिवसांतच आंटी मटारच्या घुगनीची, म्हणजे मसालेदार उसळीची, वाटी घेऊन आल्या, माझ्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, त्यांचा एक भाचा झाशीकडे मालगाडीवर ड्रायव्हर आहे, स्वभावाने चांगला आहे पण संध्याकाळी जरा घेतो, तर त्यालाही ठीक करता येईल का. मी म्हटलं, “आंटी, मैं ग्राफिक्स के ड्राइवर ठीक करती हूँ.” त्या म्हणाल्या, “तो क्या हुआ बेटा, ड्राइवर तो ड्राइवर है.” घुगनी उत्तम होती. भाच्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

आता या वयात भाचरं-नातवंडं मला तोच प्रश्न विचारतात, आणि मी त्यांना आमच्या आईची कोबीची गोष्ट सांगते. आई मिरजेहून लग्न होऊन लखनौला आली तेव्हा तिला हिंदीचा गंध नव्हता. दारावर ठेला आला की ती “कोबी दो” म्हणायची आणि भैया प्रामाणिकपणे तिला गोभी द्यायचा, म्हणजे फ्लॉवर. कित्येक महिने आमच्या घरी कोबीची भाजी फ्लॉवरची होत होती. दोघांपैकी कुणाचंच चुकत नव्हतं, मध्ये बोलणारं माणूस नव्हतं एवढंच. संगणकाचं बाकीचं यंत्र आणि पडद्यावर चित्र काढणारी चिप यांच्यामध्ये जे बोलणारं माणूस लागतं, तो ग्राफिक्स ड्रायव्हर. तो ‘कोबी’ला ‘पत्तागोभी’ म्हणाला की सगळं सुरळीत, आणि चुकला की घरात फ्लॉवर.

आमच्या घरचा संगणक बाबांच्या ऑफिसातून कंडम होऊन लिलावात निघाला होता. कंडम हा रेल्वेचा मोठा आवडता शब्द. डबा कंडम, खुर्ची कंडम, पंखा कंडम, आणि आमच्या घरात तर एखादी पोळी फार कडक झाली तरी कंडम. तो संगणक बैठकीच्या खोलीत फ्रिजशेजारी बसवला होता. सुरू केला की त्याचा पंखा इतका घरघरायचा की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “कुकर झालाय का बघ गं.” त्याच्या चिपच्या कंपनीने केव्हाच हात वर केले होते. म्हणून मी त्यावर लिनक्स घातलं होतं, ज्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो आणि, मला तेव्हा हे माहीत नव्हतं, ज्यातल्या चुकाही मग कुणाच्याही गळ्यात पडू शकतात. माझं इंजिनीअरिंग नुकतंच संपलं होतं. बाबांच्या मते मी रेल्वेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. माझ्या मते मी तो लवकरच सुरू करणार होते.

दर रविवारी सकाळी, पोहे झाले की, आई त्या संगणकावर मिरजेच्या आजीला व्हिडिओ कॉल लावायची. पोहे लखनवी चुड्याचे, म्हणजे तिकडच्या पातळ पोह्यांचे, त्यामुळे त्यांचा नेहमी थोडा लगदा व्हायचा आणि आई दर रविवारी तेवढीच नव्याने हळहळायची. अशाच एका रविवारी, मी नवं अपडेट घातल्यावर, पडद्यावर आजी आली ती निळी. चेहरा निळा, हात निळे, कपाळावरचं कुंकूही निळं. आई घाबरून म्हणाली, “आई, तू निळी दिसतेस गं.” आजीने आपले हात उलटसुलट करून पाहिले, तिला काही दिसलं नाही, पण लेक सांगते म्हणजे असणार. मामा तिला तडक डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की म्हातारीची तब्येत मामांपेक्षा चांगली आहे. माझा धाकटा भाऊ ओंकार, ज्याला मराठी सगळं कळायचं पण जो उत्तर हिंदीतच द्यायचा, तो पडद्याकडे बघून म्हणाला, “नानी नीली है, पर पीछे तुलसी तो हरी है यार.”

तिथेच माझी ट्यूब पेटली. पडदा रंग तीन भागांत मागतो, लाल, हिरवा, निळा. अपडेटमध्ये कुणीतरी क्रम उलटा केला होता, पहिल्याच्या जागी तिसरा. हिरवा मधला, म्हणून तुळस जागच्या जागी राहिली आणि आजी बदलली. मी कोड उघडला. दिवसचे दिवस त्यात बुडाले. रेल्वे परीक्षेचं जाडजूड पुस्तक शेजारी उघडं ठेवून मी कोड वाचत बसायची, आणि बाबा दारातून डोकावून समाधानाने परत जायचे. चूक सापडली ती एका ओळीत होती. ती बदलली आणि पुढच्या रविवारी आजी गव्हाळ झाली. मला आयुष्यात इतका आनंद त्याआधी झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फार वेळा झाला नाही.

घरचं काम झालं होतं. पण ती चूक जगात जिथे जिथे ती चिप असेल तिथे होती, म्हणून मी दुरुस्ती मेलने त्या ड्रायव्हरवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवली. याला पॅच म्हणतात. आई म्हणाली, “म्हणजे ठिगळच ना? एवढं शिकवलं ते ठिगळं लावायला.” दोन दिवसांनी दुपारी, मी वरणभात जेवत असताना, उत्तर आलं. कुठल्याशा थंड देशातल्या एका गृहस्थांनी माझी एकेक ओळ तपासली होती आणि जागोजागी लिहिलं होतं, nit. nit, इथे एक मोकळी जागा जास्त आहे. nit, हे नाव स्पष्ट नाही. nit, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्या. मी ते वाचलं आणि माझा घास हातातच राहिला. नीट. माझं सगळं बालपण या एका शब्दाखाली गेलं होतं. नीट बस, नीट जेव, नीट बोल, केस नीट बांध. म्हणजे हे गृहस्थ मराठी. नाव परदेशी दिसतंय खरं, पण माणूस पुण्याकडचाच, त्याशिवाय अनोळखी मुलीला इतक्या वेळा नीट कोण म्हणेल?

मी तिथल्या तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून टाकलं, “काका, सगळं नीट करते. तुम्ही मूळचे कुठले?” ते पत्र काकांना एकट्यांना गेलं नाही, ते लिस्टवरच्या साऱ्या जगाला गेलं. तिथल्या कुणीतरी उत्साहाने ते यंत्राकडून भाषांतरित करून घेतलं, आणि ‘मूळचे कुठले’चं झालं ‘तुमचं रूट कुठे आहे’. संगणकाच्या जगात रूट म्हणजे घराची मुख्य किल्ली. लगेच दोन-तीन सज्जनांनी सगळ्यांना सावध केलं की लखनौहून एक व्यक्ती आपल्या काकांकडे किल्ली मागते आहे, तिला कुणी काही देऊ नये. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. शेवटी त्या गृहस्थांनीच सौम्यपणे समजावलं की nit म्हणजे उवेचं अंडं, बारीकशी खोड. म्हणजे ते मला नीट म्हणत नव्हते, माझ्या पॅचमधल्या लिखा काढत होते. घरात मात्र त्यांचं नाव नीटवाले काका पडलं ते कायमचं.

हा सगळा पत्रव्यवहार बाबांनी चष्मा पुसून पुसून वाचला. मला वाटलं आता अभ्यासावरून व्याख्यान होणार. पण बाबांचा चेहरा उजळला होता. “अगं, ही माणसं फार पद्धतशीर आहेत,” ते म्हणाले. “प्रत्येक आक्षेप लेखी, प्रत्येक उत्तर लेखी, आणि मसुद्याला नंबर. मला वाटलं होतं तू काहीतरी टाइमपास करतेस.” त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक उत्तराचा मसुदा बाबा सांगू लागले. “लिही, विथ रेफरन्स टु युअर मेल, इट इज सबमिटेड दॅट.” मी म्हणायची, बाबा, तिथे असं कुणी लिहीत नाही. ते म्हणायचे, “म्हणूनच लिही. समोरचा वचकून असतो.” आजही माझ्या जुन्या मेलांत ती सबमिटेडवाली पत्रं सापडतात आणि तरुण मंडळी हसतात. हसू देत. त्यांचे पॅच कुठे माझ्यापेक्षा लवकर जातात?

आणि मग, पॅचचा तिसरा की चौथा मसुदा फिरत असताना, त्या विभागाच्या मुख्य माणसाचं पत्र आलं. एवढा खटाटोप कशाला, असं त्यांचं म्हणणं. ही चिप जुनी, ती आता कुणी वापरत नाही, या ड्रायव्हरची देखभाल करणारंही कुणी नाही, तेव्हा दुरुस्त कशाला करायचा, पुढच्या आवृत्तीतून तो अख्खा काढूनच टाकू. त्याखाली भराभर लोकांचे होकार आले. नीटवाल्या काकांनी एक दिवस विचारात काढला आणि मग त्यांनीही, नाइलाजाने का होईना, होकार दिला. मी रडले. सरळ बैठकीच्या खोलीत, फ्रिजला टेकून, हुंदके देऊन रडले. ओंकार पाणी घेऊन आला आणि म्हणाला, “दीदी, कौन मर गया?” मला त्याला सांगता येईना की एक ओळ मरते आहे, पण ती माझी आहे.

बाबा म्हणाले, “आपलं मशीन चालतंय ना? मग जगाची उठाठेव कशाला?” मी फणकारले, “मग बाकीच्यांच्या आज्या निळ्या राहू देत?” बाबांनी चहाचा एक घोट घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “काढून टाकणार म्हणजे नक्की काय करणार? कंडम?”

“हो, कंडमच.”

“सर्व्हे कुणी केला?”

“कुणीच नाही. कुणी वापरत नसेल असं त्यांना वाटतं.”

बाबांनी कप खाली ठेवला. “वाटतं?” ते म्हणाले. “वाटतं म्हणून कंडम करतात? अगं, आमच्याकडे एक खुर्ची कंडम करायची तर तीन माणसं येतात, आळीपाळीने तिच्यावर बसून बघतात, मग शेरा मारतात. आणि हे लोक न बघता, न बसता, घरबसल्या? कंडम करायचीही एक पद्धत असते.” इतक्यात ओंकारने पलंगावरून शांतपणे सांगितलं, “पापा, ये कंप्यूटर भी तो आप ही की कमेटी ने कंडम किया था.” बाबा म्हणाले, तेव्हा तो सुरूच होत नव्हता. ओंकार म्हणाला, “प्लग ढीला था.” आईने त्याला दही आणायला पिटाळलं.

त्या दुपारी बाबांनी मला आयुष्यातला सगळ्यात लांब मसुदा सांगितला. मी त्यातली सबमिटेडं काढली आणि उरलेलं दोन ओळींत पाठवलं. काढण्याआधी विचारून बघा, ही चिप कोण कोण वापरतं, कुठे, कशासाठी. मला वाटलं होतं कुणी उत्तर देणार नाही. पण उत्तरं आली. एका डोंगराळ गावातल्या शाळेकडून आलं, त्यांची सगळी संगणकाची खोलीच या चिपवर. एका दंतवैद्याचं आलं, रोग्यांच्या हिरड्या निळ्या दिसतात म्हणून तो महिनाभर हैराण होता. एका निवृत्त माणसाचं आलं, त्याने माळ्यावर खेळण्यातल्या आगगाड्यांचं आख्खं स्टेशन मांडलंय आणि त्याचे सिग्नल या संगणकावर दिसतात, हल्ली लाल सिग्नल निळा येतो. हे शेवटचं पत्र बाबांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. “निळा सिग्नल,” ते म्हणाले. “अपघात व्हायचा एखादा.” मी म्हटलं, बाबा, खेळण्यातल्या गाड्या आहेत. ते म्हणाले, “मग? सिग्नल तो सिग्नल.”

एवढ्यावर घोडं पुढे सरकलं, पण मुख्य माणसाने नवीच अट घातली. दुरुस्ती फक्त करणारीच्या मशीनवर चालून उपयोग नाही, दुसऱ्या कुणीतरी ती आपल्या मशीनवर तपासून तसं लिहून द्यावं. बाबांनी मान डोलावली. ट्रायल दुसऱ्या ठिकाणी घ्यायलाच हवी, हे त्यांना पूर्ण पटलं. त्यांना आठवलं, त्याच लिलावातला दुसरा संगणक लखनौबाहेरच्या बख्शी का तालाबच्या साठेवहिनींनी घेतला होता आणि त्यावर लिनक्स मीच घालून दिलं होतं. साठे एअर फोर्समध्ये, आमचे मराठी मंडळातले ओळखीचे, तेव्हा कुठेतरी डोंगरात पोस्टिंगवर. वहिनी क्वार्टरमध्ये एकट्याच असायच्या.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. शहर संपून बटाट्याची शेतं लागली तरी बाबा वाटभर मला ट्रायल रिपोर्ट कसा लिहावा ते सांगत होते. साठेवहिनींनी साबुदाण्याची खिचडी करून ठेवली होती, आणि समोर खुर्चीवर विणायला घेतलेला स्वेटर पडला होता. मी विचारलं, संगणकाचे रंग काही वेगळे दिसतात का. त्या म्हणाल्या, नाही बाई, ठीकच आहे. मग त्यांनी रोजच्या वेळेला साठेकाकांना कॉल लावला, आणि पडद्यावर काका आले, चेहरा निळा, अंगातला वायुसेनेचा शर्ट नारिंगी. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. वहिनी आमच्याकडे वळून म्हणाल्या, “बघा ना, किती थंडी असेल तिकडे. काळेनिळे पडलेत. हा तिसरा स्वेटर विणतेय.” मी विचारलं, आणि शर्ट? त्या म्हणाल्या, “तिकडे वेगळा देत असतील.”

पलीकडून काका ओरडत होते की इथे अजिबात थंडी नाही, स्वेटर पाठवू नकोस, कपाटात जागा नाही. हे ते रोजच सांगत असणार. वहिनींना वाटायचं, काळजी नको म्हणून सांगतात. मी कॉल बंद करायला लावला, पॅच घातला, मशीन पुन्हा सुरू केलं. त्याला वेळ लागतो. तेवढ्यात बाबांनी खिचडी दोनदा घेतली. मग वहिनींनी पुन्हा कॉल लावला आणि साठेकाका आले ते आपल्या रंगाचे, उन्हाने रापलेले, निळ्या शर्टात. वहिनी पदराने हात पुसत पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि बघतच राहिल्या. काका विचारत होते, “काय गं, दिसतोय का?” त्या म्हणाल्या, “दिसताय. बरे दिसताय.” आणि मग आत निघून गेल्या. मी मान खाली घालून तारा गुंडाळत बसले, कारण बाबांचे डोळे भरले होते आणि ते मला दिसू नयेत असं त्यांना वाटत असणार.

साठेवहिनींच्या नावाने तपासणीचा शेरा गेला. त्यांनी तो स्वतः सांगितला होता, मराठीत, आणि मी इंग्रजी केला, या वेळी यंत्राला हात न लावता. दोन दिवसांनी उत्तर आलं. पॅच मंजूर. ड्रायव्हर ठेवू. पण एका अटीवर, याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव त्यावर लागलं पाहिजे, नाहीतर वर्षभरात पुन्हा हाच वाद. नीटवाल्या काकांनी खाली लिहिलं होतं, माझ्या मते लखनौच्या मुलीने ती घ्यावी.

आता मात्र बाबांचं तोंड सुकलं. त्यांची आख्खी नोकरी एका तत्त्वावर झाली होती, जिथे सही टाळता येईल तिथे टाळावी आणि नाहीच टळली तर पेन्सिलने करावी. त्यांनी मला समोर बसवलं. “रेवा, ऐक. पॅच गेला, चांगलं झालं. पण नाव घालू नकोस. एकदा नाव लागलं की सुटका नाही. जगात कुठेही कुणाचं मशीन बिघडलं की तुला विचारतील.”

“विचारू देत.”

“चूक दुसऱ्याची असली तरी तुलाच विचारतील.”

“माहितीय, बाबा.”

“तू रिटायर झालीस तरी विचारतील.”

आई दारात पोळ्यांचं पीठ लागलेले हात घेऊन उभी होती. ती म्हणाली, “अहो, विचारणारं कुणी असलेलं बरंच असतं.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला अडवलं नाही. मी नाव टाइप केलं, पूर्ण नाव, आईवडिलांनी ठेवलेलं, आणि पाठवलं. बटण दाबताना भीती वाटली होती. दाबल्यावर वाटली नाही.

त्या संध्याकाळी बाबा फिरायला निघाले तेव्हा म्हणाले, चल. कॉलनीच्या रस्त्यावर श्रीवास्तवजी, आंटींचे यजमान, भेटले. मी दोन पावलं मागे होते. त्यांनी आपल्या पद्धतीने माझ्या नोकरीची चौकशी केली, “साहब, बिटिया का कहीं कुछ हुआ?” आता परीक्षेचं काहीतरी सांगून बाबा वेळ मारून नेतील असं वाटलं. बाबा थांबले, चष्मा सारखा केला आणि खुल्या आवाजात म्हणाले, “हाँ जी, हो गया. आज ही पोस्टिंग हुई है.”

“वाह. तनख्वाह कितनी है?”

“तनख्वाह नहीं है.”

श्रीवास्तवजींचा चेहरा पडला. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. बाबांनी त्यांना थोडा वेळ तसंच राहू दिलं आणि मग म्हणाले, “मगर ट्रांसफर भी नहीं है.”

श्रीवास्तवजींनी तीस वर्षं सामान बांधण्यात घालवली होती. ते जागच्या जागी उभे राहिले, त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं आणि, मला रोज बिटिया म्हणणारा तो माणूस म्हणाला, “बधाई हो, मैडम.”